बेथेलचे रे. नारायण शेषाद्रि

घर बांधितांना पायांत घातलेले दगड पुढें कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. परंतु वादळवारा सुटला म्हणजे घर उभें राहतें तें त्या दगडांच्याच बळावर. कुटुंबाचीही गोष्ट अशीच आहे. आमच्या जालना जिल्ह्यांत असा पाया घालण्याकरितां ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्यांत रे. नारायण शेषाद्रि ह्यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. ज्यांना स्वतः पित्याच्या घरास मुकावें लागलें, त्यांनींच पुढें अनेकांचीं घरें उभीं करून दिलीं, हें त्यांच्या चरित्राचें मर्म होय. म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या मातापितरांपुढें तें चरित्र थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नारायणराव जन्मानें ब्राह्मण. त्यांचें शिक्षण मुंबईस स्कॉटिश मिशनच्या विद्यालयांत झालें. तेथें रे. रॉबर्ट नेस्बिट ह्यांच्यासारखे विद्वान् व मराठी भाषेचे जाणते गुरु त्यांना लाभले. बायबलाच्या अध्ययनानें त्यांच्या मनांत मोठी खळबळ उडाली, आणि १८४३ सालच्या सप्टेंबर महिन्यांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं ह्या एका कृत्याचा अर्थ काय होता, ह्याची आज आपणांस कल्पनाही होणें कठीण आहे. पंगत सुटली, घरचा उंबरठा परका झाला, आणि जातीच्या दृष्टीनें तो पुत्र जिवंत असून मेल्यासारखा झाला.

परंतु प्रकरण येवढ्यावरच थांबलें नाहीं. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारें १२ वर्षांचें, हाही वडील भावाच्या मार्गानें जाऊं इच्छीत होता व मिशनऱ्यांच्या घरीं राहिला होता. एक पुत्र हातचा गेला, आतां दुसराही जाणार, हें पाहून पित्यानें मुंबईच्या सुप्रीम कोर्टाकडे धांव घेतली. न्यायमूर्ति अर्स्किन पेरी ह्यांनीं मुलगा अल्पवयी आहे असें ठरवून त्यास पित्याच्या स्वाधीन केलें. मग दुसरेंच वादळ उठलें. ज्यानें परधर्मीयांच्या घरीं अन्न घेतलें त्यास जातींत परत घ्यावें कीं नाहीं? दर्पण पत्राचे संपादक म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेले बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं प्रायश्चित्त देऊन बालकास परत घ्यावें असा पक्ष स्वीकारिला. सनातनी मंडळींनीं त्यास कडाडून विरोध केला आणि त्यापायीं बाळशास्त्र्यांनाही पुष्कळ त्रास सोसावा लागला.

ह्या प्रसंगाचा विचार करितांना आमचें मन एकाच बाजूस झुकत नाहीं. पुत्राची सत्यनिष्ठा थोर खरीच. पण कोर्टाच्या दारीं उभ्या असलेल्या त्या पित्याचें दुःखही लहान नव्हतें. कोर्ट मुलाचा हात बापाच्या हातांत देऊं शकतें, तुटलेलें मन सांधूं शकत नाहीं. पुढें १८५० सालच्या कायद्यानें धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क सुरक्षित केला. तरी कायद्यानें जमिनीचा वांटा मिळतो. आईच्या हातची भाकरी व भावंडांचा सहवास मिळत नाहीं. नव्या धर्माबरोबर माणसास नवें घरही हवें, ही गोष्ट नारायणरावांना पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं.

पुढें कित्येक वर्षें त्यांनीं मुंबईस फ्री चर्चच्या विद्यालयांत अध्यापन केलें. बाबा पदमनजी हे त्याच विद्यालयाचे विद्यार्थी. हिंदु विधवांच्या दुःखावर यमुनापर्यटन हें पुस्तक १८५७ सालीं लिहून त्यांनींही गृहजीवनाच्याच एका व्यथेला वाचा फोडिली, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १८५४ सालीं नारायणरावांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. राजधानीच्या शहरीं मान होता, विद्वत्ता होती. परंतु त्यांची दृष्टि मोंगलाईंतील खेड्यांकडे लागली. १८६० नंतरच्या दशकांत त्यांनीं जालना हें आपलें कार्यक्षेत्र केलें.

त्या वेळीं जालना हें निजामाच्या राज्यांतील छावणीचें गांव होतें. नारायणरावांच्या उपदेशाकडे वळलेले लोक बहुतेक मांग व महार समाजांतले. जो स्वतः सोंवळ्या घरांत जन्मला, तो आतां गांवकुसाबाहेरच्या झोंपडींत जाऊन बसूं लागला. परंतु नुसत्या प्रार्थनेनें ह्या लोकांचा संसार चालणारा नव्हता. त्यांची भाकर बलुत्यावर व गांवच्या मर्जीवर अवलंबून. गांवाची मर्जी फिरली कीं चूल थंड. मिशनच्या दानावर त्यांना पोसावें, तर मुलेंबाळें कायमचीं मिंधीं होणार.

ह्यावर नारायणरावांनीं जो उपाय योजिला तोच बेथेल. निजामाचे सुप्रसिद्ध दिवाण सर सालार जंग ह्यांच्याकडून त्यांनीं जालन्यानजीक जमीन मिळविली आणि १८७० च्या सुमारास ख्रिस्ती कुटुंबांचें एक स्वतंत्र गांव वसविलें. शेती, विहिरी, कारागिरी, शाळा व उपासनामंदिर हीं त्या गांवाचीं अंगें. बापाच्या हातास काम, मुलांच्या हातांत पाटी, आणि सर्वांच्या मुखीं एक प्रार्थना, असा हा बेत होता. कष्ट करून मिळविलेल्या भाकरीवर जेथें आभार मानले जातात, तेथें मुलांस स्वाभिमान व श्रद्धा ह्यांचे धडे निराळे द्यावे लागत नाहींत.

गांवाचें नांवही विचारपूर्वक ठेविलेलें दिसतें. बेथेल म्हणजे देवाचें घर. पितृगृह सोडून निघालेला याकोब रानांत धोंडा उशास घेऊन निजला. तेथेंच त्यास देवाचें दर्शन घडलें, आणि तोच धोंडा उभा करून त्यानें त्या जागेस हें नांव दिलें. घर सुटलेल्या माणसास देवाचें घर सांपडलें, ही ती कथा. नारायणरावांना ती किती जवळची वाटली असेल, हें वाचकांनींच ओळखावें.

१८७३ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस ते गेले. मोठमोठ्या सभांतून हा पागोटें घातलेला दक्षिणी गृहस्थ बोलावयास उभा राहिला म्हणजे लोक कौतुकानें ऐकत. धर्म बदलला तरी पागोटें टाकिलें नाहीं, देश विसरला नाहीं. पुढें १८९१ सालीं अमेरिकेहून परत येतांना समुद्रप्रवासांतच त्यांचें देहावसान झालें.

ह्या गोष्टीस आतां शतकाहून अधिक काळ लोटला. निजामाचें राज्य गेलें. १९७० सालीं उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. १९८१ सालीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु कुटुंब कशावर उभें राहतें, हा प्रश्न प्रत्येक घरापुढें आजही तसाच उभा आहे. पालकांस आमची इतकीच विनंति कीं, मुलाचें मन निराळ्या वाटेनें जाऊं लागलें तर रागाचा दरवाजा लावण्यापूर्वीं त्याचें म्हणणें एकदां शांतपणें ऐकावें. आणि विद्यार्थ्यांनो, सत्याकरितां घराशीं वाद करण्याचा प्रसंग आलाच, तर आपल्या पित्याच्या डोळ्यांतील पाण्याची किंमत विसरूं नका. सायंकाळीं सर्वांनीं मिळून एक प्रार्थना, एक पंगत, आणि दिवसभराच्या चुकांची परस्परांस क्षमा: येवढे तीन दगड पायांत घाला. नारायणरावांचें बेथेल जालन्याजवळ वसलें; आपलें बेथेल आपल्याच उंबरठ्याच्या आंत वसूं द्या.