मितभाषी अध्यक्ष, पत्रकारांच्या पंगतीला

सत्ताधाऱ्याने वर्षातून एकदा पत्रकारांच्या पंगतीला बसावे, त्यांनी केलेली थट्टा ऐकून घ्यावी आणि साधल्यास तिची परतफेडही करावी, असा प्रघात अमेरिकेच्या राजधानीत रुजला. व्हाइट हाउसच्या वार्ताहरांनी १९१४ मध्ये संघटना स्थापन केली आणि १९२१ पासून वार्षिक मेजवानी सुरू झाली. या मेजवानीला १९२४ मध्ये उपस्थित राहणारे पहिले अध्यक्ष मात्र अबोलपणासाठीच प्रसिद्ध होते. ते होते कॅल्विन कूलिज.

व्हर्माँट राज्यातील प्लिमथ नॉच या खेड्यात ४ जुलै १८७२ रोजी कूलिज यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी मातृछत्र हरपले. पुढे नॉर्थॅम्प्टन येथे वकिली करता करता ते राजकारणात आले. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना १९१९ मधील बॉस्टनच्या पोलिस संपात घेतलेल्या ठाम भूमिकेमुळे त्यांचे नाव देशभर झाले आणि १९२१ मध्ये ते उपाध्यक्ष झाले. २ ऑगस्ट १९२३ रोजी अध्यक्ष हार्डिंग यांचे निधन झाले, तेव्हा कूलिज गावी वडिलांच्या घरी होते. उत्तररात्री रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात वडिलांनीच नोटरी या नात्याने मुलाला अध्यक्षपदाची शपथ दिली.

समारंभात मोजके बोलणाऱ्या कूलिज यांनी वार्ताहरांना मात्र कधी दूर ठेवले नाही. आठवड्यातून साधारण दोनदा ते त्यांना भेटत. प्रश्न आधी लेखी द्यावे लागत आणि उत्तरे त्यांच्या नावाने छापण्यास मनाई असे. तरीही कारकिर्दीत अशा पाचशेहून अधिक भेटी झाल्या.

ज्या १९२४ साली ते पत्रकारांच्या मेजवानीला गेले, त्याच वर्षाने त्यांच्यावर घाला घातला. टेनिस खेळताना धाकट्या मुलाच्या पायाला फोड आला, त्यातून रक्तात विषबाधा झाली. प्रतिजैविके तेव्हा उपलब्ध नव्हती. ७ जुलै रोजी सोळा वर्षांचा हा मुलगा दगावला. चार महिन्यांनी कूलिज मोठ्या बहुमताने निवडून आले. पण विजयाचा आनंद त्यांना लाभला नाही. १९२८ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही.

निवृत्तीनंतर हा अबोल माणूस स्वतःच वृत्तपत्रांचा स्तंभलेखक झाला. ५ जानेवारी १९३३ रोजी नॉर्थॅम्प्टन येथे त्यांचे निधन झाले. त्या पंगतीत महिला पत्रकारांना १९६२ पर्यंत पान मांडले गेले नाही, ही तिची उणीवच. तरीही टीकाकारांच्या शेजारी बसण्याने पदाची प्रतिष्ठा उणावत नाही, हा धडा कूलिज यांनी न बोलता घालून दिला.