इब्न सीना : माणूस पाहून पथ्य सांगणारे हकीम



आपल्या कुर्डुवाडीत कुणी तोऱ्यात वागलं की त्याला मिजास आली, असं आपण म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी मिजाज. त्याचा अर्थ मिश्रण. फारसीतून तो मराठीत आला. जुन्या इराणी वैद्यकात मिजाज म्हणजे शरीरातल्या उष्ण, थंड, ओल्या आणि कोरड्या गुणांचा मेळ. हा मेळ कसा ओळखायचा, ते ज्यांनी नीट मांडलं त्या इब्न सीना यांची आज ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म इ.स. ९८० मध्ये बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावात झाला. वडिलांनी त्यांना भारतीय अंकगणित शिकायला चक्क एका भाजीवाल्याकडे पाठवलं होतं! सोळाव्या वर्षी ते रोगी तपासू लागले. पुढे बुखाऱ्याच्या आजारी राजाच्या उपचारात त्यांनी भाग घेतला आणि राजाचं ग्रंथालय त्यांना खुलं झालं. वडील वारले, राज्य कोसळलं आणि मग गावोगाव भटकणं नशिबी आलं. हमदानला ते वजीर झाले. दिवसा कारभार, रात्री विद्यार्थ्यांना शिकवणं, असा क्रम होता. पुढे काही महिने किल्ल्यात कैदही भोगावी लागली. या धावपळीतच 'अल-कानून' हा पाच भागांचा वैद्यकग्रंथ पूर्ण झाला. बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपात तो कित्येक शतकं शिकवला गेला.

मिजाज ओळखायच्या दहा खुणा त्यांनी दिल्या. अंगाचा स्पर्श, मांस व चरबी, केस, रंग, अवयवांची ठेवण, उन्हाथंडीचा त्रास, झोप, शरीराची कामं, मलमूत्र व घाम आणि मनाचा स्वभाव. साठीनंतर शरीर थंड आणि कोरडं होतं, असं ते मानत. म्हणून म्हाताऱ्या माणसांना तेलाचं मालिश, पुरेशी झोप आणि थोडं थोडं खाणं त्यांनी सांगितलं. पण सरसकट नाही बरं का! दूध ज्याला पचतं त्यालाच द्यावं. ज्याला चक्कर येते त्याने डोकं खाली जाईल असा व्यायाम करू नये. वय सारखं असलं तरी माणूस सारखा नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी हे पाळलं नाही. पोटशुळाचा आजार जडला, तरी काम, प्रवास आणि मौज काही थांबली नाही. १०३७ मध्ये हमदानला त्यांचं निधन झालं. वय अवघं ५७. ज्या म्हातारपणाची काळजी त्यांनी लिहून ठेवली, ते त्यांच्या वाट्याला आलंच नाही.

आज निदानासाठी तपासण्या आहेत, आजारात डॉक्टरांकडेच जायला हवं. उष्ण-थंडाच्या त्या हिशोबावर औषध ठरवायचं नाही. पण माणसाकडे नीट पाहणं आणि त्याला विचारणं जुनं झालेलं नाही. घरात आजी-आजोबा दोघं असले, तरी एकाला ताक सोसतं, दुसऱ्याला बाधतं. आपण मात्र दोघांना म्हातारपण म्हणून एकाच मापाने मोजतो.

या आठवड्यात मुलांना एक उपक्रम द्या. आजी-आजोबांना झोप कशी लागते, काय सोसतं, काय सोसत नाही, ते विचारून वहीत लिहायला सांगा. जे कुणी कधी विचारलंच नाही, ते बऱ्याच घरांत पहिल्यांदा कळेल.