सनदी अधिकारी आणि रयतेची भाषा

आज भोपाळशी जोडलेला आपला बालाघाट जिल्हा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. कटंगी, वारासिवनी, लांजीकडच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून हे आपण ऐकलेच आहे. त्याच जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात सनदी नोकरी केलेल्या चिंतामणराव देशमुखांचे चरित्र आम्ही भाषेच्या प्रश्नानिमित्त वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चिंतामणरावांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी रायगड किल्ल्याजवळील नाते गावी झाला. 1912 साली मॅट्रिकला ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकून 1918 मध्ये ते आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले.

त्या काळी सनदी अधिकारी घडविला जाई तो साहेबाचे राज्य राखण्यासाठी. कायदा आणि महसूल याबरोबर घोड्यावर बसणेही शिकवीत. तरीही प्रांताच्या भाषेची परीक्षा त्याला चुकत नसे. रयतेचे बोलणे कळल्यावाचून कारभार चालत नाही, एवढे परक्या सरकारलाही उमगले होते. चिंतामणराव रायपूरला बंदोबस्त अधिकारी होते. जमिनीची प्रत आणि कास्तकाराचा हक्क ठरविण्याचे ते काम कास्तकाराशी बोलल्याशिवाय होणारे नव्हते.

1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1950 मध्ये देशाचे अर्थमंत्री. आता सरकारला सारा वसुलीपलीकडे धरणे, कारखाने, शाळा उभारायच्या होत्या. जुन्या शिकवणीचा अधिकारी त्याला पुरा पडणार नव्हता. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याच्या निर्णयावरून 1956 साली त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोग त्यांनी सांभाळला. 1959 ते 1973 या काळात ते हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. तेथे सरकारी व खाजगी क्षेत्रातले अनुभवी अधिकारी नोकरीच्या मध्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन एकत्र चर्चेला बसत. एकदा परीक्षा दिली की शिक्षण संपले, ही समजूत तेथे मोडली गेली. 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबादलाच त्यांचे निधन झाले. कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत पद्यानुवाद करणारा हा प्रशासक भाषेचे मोल जाणून होता.

आमच्यापैकी अनेकांनी कचेरीत मराठी अर्ज परत केलेला पाहिला आहे. वास्तविक राज्यघटनेच्या 350व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. 350-क कलम अल्पसंख्य भाषिक मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न करावयास राज्याला सांगते. पण अर्ज वाचणाऱ्यालाच मराठी येत नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो.

हिंदीशी आमचे वैर नाही. तिने आमच्या मुलांना नोकऱ्या दिल्या. आमची मागणी एवढीच, की या जिल्ह्यात येणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणात मराठी, पोवारी, गोंडी यांचा परिचय असावा. परक्या राज्याने जे आवश्यक मानले, ते आपल्या राज्याने अनावश्यक मानू नये. तोवर वाचकहो, आपण अर्ज मराठीत लिहावा, त्याची पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी.