परचुरे शास्त्री

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण वर्ध्याहून सेवाग्रामास जात असतात. कोणी कस्तुरबा रुग्णालयात औषधपाण्यासाठी जातो, कोणी तेथे खाटेवर असलेल्या आप्तास भेटावयास जातो, आणि गाडीस अवकाश असला म्हणजे जवळचा आश्रमही पाहून येतो. गांधीजींच्या चरित्रांतून एक छायाचित्र वारंवार छापले जाते. त्यात ते वाकून एका रोग्याच्या अंगास तेल चोळीत आहेत. ते चित्र न पाहिलेला मनुष्य आमच्या जिल्ह्यात विरळाच. परंतु चोळणारा कोण हे सर्व सांगतात. ज्यास चोळले तो कोण, असे विचारले तर दहांतील नऊ जण एक महारोगी एवढेच उत्तर देतात. आमचा आजचा लेख त्या दुसऱ्या मनुष्याविषयी आहे. त्याचे नाव परचुरे शास्त्री.

ह्या रोगाच्या लोकांची नावे टिकत नाहीत, ही गोष्ट पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस नवी नाही. मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभूने ज्यास हात लावून बरे केले त्याचे नाव लिहिलेले नाही. लूकाच्या सतराव्या अध्यायातील दहा जण निनावीच आले व निनावीच गेले. नामानाचे नाव राहिले, पण तो मोठा सेनापती होता. बेथानीच्या शिमोनाचेही राहिले, पण त्या नावाला रोग असा चिकटला की तो आजतागायत सुटला नाही.

परचुरे शास्त्री हे महाराष्ट्रीय ब्राह्मण, संस्कृताचे गाढे पंडित. देशाच्या स्वातंत्र्याच्या चळवळीत ते पडले आणि त्यापायी त्यांनी तुरुंगवास भोगला. अशा मनुष्यास महारोग जडला. आमच्याकडे खेड्यांतून लोक ह्यास रक्तपिती म्हणतात. हा रोग त्वचेचा म्हणून ओळखला जातो, परंतु त्याचा खरा घाला मज्जातंतूंवर असतो. प्रथम एखादा फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तेथे टाचणी टोचली तरी कळत नाही. पुढे हातापायांची जाणीव जाते, चुलीचा चटका बसला तरी समजत नाही, काटा मोडून पाय सडला तरी मनुष्य चालतच राहतो, आणि त्या न कळलेल्या जखमांनी बोटे झडतात.

शास्त्र्याचे जिणे कशावर चालते? एक त्याच्या वाणीवर आणि दुसरे त्याच्या सोवळ्यावर. लोक त्यास घरात बोलावितात, पाटावर बसवितात, तो म्हणेल ते श्लोक ऐकतात. ज्या दिवशी त्याच्या अंगावर चट्टे दिसतात त्या दिवसापासून हे सर्व संपते. विद्या त्याच्यापाशी जशीच्या तशी असते, मुखोद्गत असलेले एक अक्षरही कमी होत नाही, पण ते ऐकावयास कोणी उरत नाही. आम्हांस वाटते की परचुरे शास्त्र्यांचे दुःख समजावयाचे तर त्यांच्या बोटांकडे पाहण्याआधी ह्याकडे पाहिले पाहिजे.

१९३२ साली ते पुण्याजवळच्या येरवड्याच्या तुरुंगात होते. त्याच तुरुंगात गांधीजीही होते. दोघे एकाच भिंतीच्या आत. परंतु महारोगी कैद्यांस निराळे ठेवीत आणि त्यांची भेट घेण्यास तुरुंगाचे नियम आड येत. गांधीजींनी त्यांची चौकशी चालू ठेविली आणि चिठ्ठ्यांतून विचारपूस केली.

त्या वर्षी २० सप्टेंबरला गांधीजींनी तेथे उपोषण आरंभिले. अस्पृश्य वर्गास निराळे मतदारसंघ देण्याचे सरकारने ठरविले होते, त्याविरुद्ध ते होते. २४ तारखेस पुणे करार झाला. त्या करारावर डॉक्टर आंबेडकरांस कोणत्या दडपणाखाली सही करावी लागली, आणि त्यात कोणाचे काय गेले, ह्याविषयी आमच्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो. ते खोटे आहे असे आम्हांस वाटत नाही. परंतु तो विषय आज नव्हे. २६ तारखेस सायंकाळी उपोषण सुटावयाचे होते. कवी रवींद्रनाथ ठाकूर आले होते, कस्तुरबा होत्या, तुरुंगाच्या अंगणात पुष्कळ मंडळी जमली होती. प्रथम रवींद्रनाथांनी आपले एक बंगाली गीत गाइले. आणि त्यांच्यामागून परचुरे शास्त्र्यांनी संस्कृत वचने म्हटली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. एका बाजूस जगप्रसिद्ध कवी, आणि त्याच्या शेजारी महारोग्यांच्या वेगळ्या कोठडीतून आणलेला एक कैदी. मंडळी स्तब्ध बसून त्याची वाणी ऐकत आहेत. ज्याच्यापाशी जावयास नियमाने बंदी होती, त्याचा आवाज त्या दिवशी सर्वांच्या कानी गेला. रोग होता तेथेच होता, औषध मिळाले नव्हते. पण त्यांची विद्या ऐकावयास पुन्हा माणसे बसली होती. आम्ही आजारी माणसांत पुष्कळ वावरतो, म्हणून ह्या घटनेची किंमत आम्हांस थोडीबहुत कळते.

पुढे काही वर्षे गेली. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव नावाच्या खेड्यात राहावयास आले. बुलढाण्याकडील शेगावशी घोटाळा होऊन पत्रे भलतीकडे जाऊ लागली, म्हणून १९४० साली त्या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. १९३९ साली एके दिवशी परचुरे शास्त्री तेथे येऊन उभे राहिले. रोग बळावला होता, अंगावर जखमा होत्या. हाताने कातलेले सूत त्यांनी भेटीदाखल आणिले होते. आपणास आश्रमात मरू द्यावे, आणि ते शक्य नसेल तर रात्र झाडाखाली काढून सकाळी निघून जाऊ, एवढीच त्यांची विनंती होती.

गांधीजींनी त्यांस लगोलग मिठी मारून घरात घेतले, असे जे कोणी रंगवून सांगतात ते बरोबर नाही. ते अडचणीत पडले. आश्रमात स्त्रिया होत्या, लहान मुले होती, आणि संसर्गाचे भय त्या काळी फार होते. दक्षिण आफ्रिकेत सुमारे चाळीस वर्षांपूर्वी असाच एक महारोगी त्यांच्या दाराशी आला होता. त्याच्या जखमा त्यांनी धुतल्या, त्यास काही दिवस घरात ठेविले, पण पुढे सरकारी दवाखान्यात पाठविले, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. आता पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. ती रात्र त्यांनी तळमळत काढिली. सकाळी त्यांनी आश्रमवासीयांस विचारले, आणि त्यांची संमती घेऊन मग शास्त्रीबोवांस ठेवून घेतले. आम्हांस हे विचारणेच अधिक मोलाचे वाटते. एकट्याने केलेली दया एकट्याबरोबर संपते. सर्वांस विचारून केलेली दया सर्वांस बांधून घेते.

गांधीजींच्या कुटीजवळच त्यांच्यासाठी एक लहानशी कुटी बांधिली. गांधीजी रोज तेथे जात, त्यांच्या जखमांकडे पाहत, तेल लावून अंग व पाय चोळीत. खाणेपिणे काय द्यावे हे स्वतः ठरवीत. त्या काळी ह्या रोगावर चौलमोगऱ्याच्या तेलापलीकडे फारसे औषध नव्हते. त्याच्या सुया टोचीत. त्या फार दुखत, आणि गुण येई तो थोडाच. तरी स्वच्छता, नेमाचा आहार, जखमांची निगा आणि कोरड्या पडलेल्या त्वचेस तेल ह्यांचा उपयोग तेव्हाही होता, आजही आहे. शास्त्रीबोवांची प्रकृती काही काळ सुधारली.

आणि येथे पुन्हा तीच गोष्ट झाली. ते नुसते खाटेवर पडून सेवा घेणारे रोगी राहिले नाहीत. आश्रमातील काही जण त्यांच्यापाशी संस्कृत शिकू लागले. आश्रमातल्या विवाहप्रसंगी पौरोहित्य करावयास गांधीजींनी त्यांस बसविले. विचार करा, वाचकहो. ज्याची सावली शुभकार्यावर पडू नये असे लोक मानीत, त्याच्याच तोंडून वधूवरांस मंगलवचने मिळाली. अंग चोळण्याचे छायाचित्र सर्वांच्या ध्यानी राहिले. ह्या प्रसंगाचे चित्र मात्र कोणाच्या डोळ्यांपुढे नाही. सेवा करणाऱ्यास सेवा घेणारा लहान दिसतो, हा आम्हां सर्वांचाच दोष असावा.

आमच्या स्वतःच्या एका अपराधाविषयी येथे लिहिणे प्राप्त आहे. आम्ही नुकतेच पाळकपणावर आलो होतो तेव्हा वर्धा नदीकाठच्या एका लहान मंडळीत एक वृद्ध बंधू उपासनेच्या वेळी दारापाशी, उंबऱ्याच्या बाहेर बसत. त्यांची बोटे आखडलेली होती. औषधाचा क्रम त्यांनी केव्हाच पुरा केला होता, सरकारी दवाखान्याने रोगमुक्त म्हणून कागद दिला होता, आणि त्यांच्यापासून कोणास काही होण्याचा संभव नाही हे आम्हांस माहीत होते. तरी मंडळीच्या रिवाजाप्रमाणे प्रभुभोजनाच्या वेळी त्यांस शेवटी, त्यांच्याच घरून आणलेल्या पेल्यात द्राक्षरस देण्यात येई, आणि तो रिवाज आम्ही दीड वर्ष चालविला. माहीत असूनही चालविला. तेवढ्या काळात आमच्या ध्यानी आलेली गोष्ट अशी की उपासनेत गीत सुरू झाले म्हणजे पहिला खडा सूर दाराबाहेरून येई. आत पेटी होती, ढोलकी होती, तरणी मुले होती. पण पुस्तक न धरता सर्व कडवी म्हणणारे ते एकटेच. पुस्तक धरता येत नव्हते म्हणूनच त्यांनी सर्व पाठ केले होते. गीत चालू असता ते उंबऱ्याबाहेर आहेत हे कोणासच आठवत नसे. गीत संपले की सर्वांस पुन्हा आठवे.

एका रविवारी आम्ही त्यांस आत येऊन पेटीजवळ बसण्यास सांगितले. दोन कुटुंबे उठून मागे बसली. त्यांपैकी एक पुढे परत आले, एक आले नाही. वृद्ध बंधू मात्र प्रथम आत येईनात. उजेडाची सवय आहे, दारापाशीच बरे वाटते, असे म्हणत. त्यांस आत आणावयास आणखी महिना लागला, आणि तोही आमच्या बोलण्याने नव्हे, तर त्यांच्यावाचून ताल चुकतो अशी मुलांनी तक्रार केली म्हणून.

गाण्याने रोग बरा होतो असे आम्ही कोणास सांगत नाही. शौलापुढे दावीद वीणा वाजवी तेव्हा त्यास स्वस्थ वाटे, आणि वाजविणे थांबले की दुखणे परत येई, असेच शास्त्रात आहे. पौल व सीला तुरुंगात गीते गात असता त्यांच्या पाठीवरचे वळ काही मिटले नव्हते. परंतु गाताना छाती भरते, श्वास लांब होतो, आणि मुख्य म्हणजे मनुष्य दुसऱ्यांबरोबर असतो. महारोग्याचे निम्मे दुखणे एकटेपणाचे असते. तेवढ्यापुरते तरी गीत औषधासारखे आहे. हा रोग काहींच्या नाकात व घशात उतरतो आणि त्यांचा आवाजही बसवितो. म्हणून ज्यांचा आवाज शाबूत आहे त्यांस गाऊ न देणे हे तर दुहेरी नुकसान होय.

परचुरे शास्त्र्यांचा रोग पुढे पुन्हा उलटला. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण ह्यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ साली महारोगी सेवा मंडळाचे काम सुरू केले होते. अखेरच्या काळात शास्त्रीबोवा तेथे राहावयास गेले, आणि १९४५ साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी गांधीजींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमाच्या पुस्तिकेची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढिली. तीत कुष्ठरोग्यांच्या सेवेस स्वतंत्र स्थान मिळाले.

औषध जवळ येऊन पोहोचले होते. अमेरिकेत कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात सल्फोन जातीच्या औषधाचा उपयोग १९४१ सालापासून होऊ लागला होता, आणि महायुद्ध संपल्यावर ती औषधे हिंदुस्थानात आली. शास्त्रीबोवा थोडक्यात चुकले. १९५१ साली वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले व त्याचे कार्यकर्ते घरोघर जाऊन रोगी शोधू लागले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन किंवा तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. आज ती औषधे सरकारी आरोग्य केंद्रांतून फुकट मिळतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणे ती सहा महिने किंवा बारा महिने घ्यावी लागतात, आणि सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत त्या रोग्यापासून दुसऱ्यास बाधा होत नाही. लवकर घेतली तर बोटही वाकडे होत नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात ह्या जंतूंस तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. तेव्हा ज्या उपदेशक बंधूंस गावातील कोणाच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा, टोचले तरी न कळणारा चट्टा दिसेल, त्यांनी त्यास प्रार्थनेबरोबरच आरोग्य केंद्रातही न्यावे, आणि शक्य तर बरोबर जावे. एकटा मनुष्य त्या दारातून बहुधा परत फिरतो.

कायदा औषधाहून हळू चालला. १८९८ सालचा महारोग्यांस कोंडून ठेवण्याचा कायदा २०१६ साली रद्द झाला. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या १८६९ सालच्या घटस्फोटाच्या कायद्यात कुष्ठरोग हे नवराबायकोची फारकत करण्याचे एक कारण होते. ते २०१९ साली काढून टाकण्यात आले. आमच्या किती पाळकांस हे पूर्वीही ठाऊक होते, देव जाणे.

सेवाग्रामास परचुरे कुटी अजून उभी आहे. बापू कुटीपासून ती चार पावलांवर आहे, पण पुष्कळ लोक बापू कुटी पाहूनच गाडीसाठी माघारी फिरतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही आमच्या मंडळीची मुले तेथे नेली होती. ऊन नव्हते, अंगणात चिखल होता. मुलांनी त्या दारापाशी उभे राहून एक गीत म्हटले, आणि पेटीजवळ बसणारे आमचे वृद्ध बंधू त्यांच्या मध्यभागी उभे होते.