तुरिनच्या कामकरी मुलांचा पाठीराखा : संत डॉन बॉस्को

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करते. त्यांच्या नावाच्या शाळांमुळे डॉन बॉस्को हे नाव आपल्या घराघरांत परिचित आहे. (इटलीत डॉन हा शब्द धर्मगुरूंच्या नावापूर्वी आदराने लावतात, आपल्याकडे वर्तमानपत्रांनी त्याला दिलेल्या अर्थाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही.) धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण मुलांना त्यांची स्वप्ने आणि त्यांच्या दोरीवरच्या कसरती सांगतो. त्यांनी कामकरी पोरांसाठी केलेली करारपत्रे मात्र सांगायची राहून जातात. आमच्या मते त्या कागदांतच हा संत अधिक जवळून भेटतो.

जॉन ह्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी पीडमाँटमधील कास्तेलनुओव्हो गावाजवळ, बेक्की नावाच्या वाडीवर एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचे होण्यापूर्वीच वडील वारले. आई मार्गारेटने शेतात राबून मुलांना वाढविले. जॉनला शिकून धर्मगुरू व्हायचे होते, परंतु थोरल्या सावत्र भावाला घरात पुस्तके नको होती. परिणामी कोवळ्या वयातच त्याला परक्याच्या शेतावर गडी म्हणून राहावे लागले. पुढे शिक्षणाचा खर्च भागविताना त्याने शिंप्याकडे, लोहाराकडे आणि एका कॉफीगृहातही काम केले. उपाशीपोटी शिकणे म्हणजे काय आणि मालकाच्या हाताखाली राहणे म्हणजे काय, हे त्याने पुस्तकात वाचले नव्हते.

५ जून १८४१ रोजी तुरिन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. शहरात बांधकामे निघत होती, कारखाने वाढत होते आणि डोंगराळ गावांतून मुले रोजगारासाठी लोंढ्याने येत होती. दहा-बारा वर्षांची पोरे पहाडावर चढून विटा व चुना वाहत. रविवारी काम नसे, आणि मग रस्ता हेच त्यांचे घर होई. डॉन बॉस्को ह्यांचे मार्गदर्शक फादर जोसेफ काफास्सो त्यांना तुरुंगांत घेऊन गेले. तेथे धडधाकट तरुण मुले गजांआड पाहून ते हादरले. त्यांना अधिक बोचले ते हे, की सुटलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा आत येत होती. बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणीच नव्हते.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला, अमलोद्भव मातेच्या सणाच्या दिवशी, संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांच्या चर्चमध्ये बार्थोलोम्यू गारेल्ली नावाचा एक अनाथ गवंडी मुलगा सॅक्रिस्टीत शिरला. मिस्सेला मदत करता येत नाही म्हणून तेथील सेवकाने त्याला काठीने पिटाळले. डॉन बॉस्को ह्यांनी त्याला परत बोलावून घेतले. त्याला वाचता येत नव्हते, लिहिता येत नव्हते, गाताही येत नव्हते. शीळ घालता येते का, असे विचारल्यावर मात्र पोरगा हसला. त्या हसण्यापासून आणि नमो मरियेच्या एका प्रार्थनेपासून आपल्या कार्याला प्रारंभ झाला, असे डॉन बॉस्को पुढे नेहमी सांगत.

एकाची शेकडो मुले झाली आणि शहराला त्यांचा त्रास वाटू लागला. आज ह्या चर्चचे अंगण, उद्या ते माळरान, अशी त्यांची वरात हिंडत राहिली. नगराचे अधिकारी मार्क्विस मिकेले काव्हूर ह्यांना ह्या जमावात बंडाचा वास आला. काही धर्मगुरूंनाही डॉन बॉस्को ह्यांचे डोके ठिकाणावर आहे की नाही अशी शंका आली. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्दोक्को भागात पिनार्दी ह्यांच्या मालकीची एक ठेंगणी शेड भाड्याने मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आई मार्गारेट गाव सोडून मुलाच्या मदतीला आली. पोरांनी तुडविलेली भाजीची बाग आणि फाटलेले कपडे सांभाळत ती दहा वर्षांनी, १८५६ मध्ये, तेथेच वारली.

वाल्दोक्कोत दिवसभर राबलेल्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग भरत. पीडमाँटमध्ये १ जानेवारी १८५० पासून जुनी वजने-मापे जाऊन दशमान पद्धत सक्तीची होणार होती. अक्षरशत्रू मुलाला मापात आणि मजुरीत फसविणे त्यामुळे सोपे होणार होते. डॉन बॉस्को ह्यांनी १८४९ मध्ये ह्या पद्धतीवर सोपी पुस्तिका काढली आणि विनोदी संवाद रचून ते मुलांकडून रंगमंचावर करवून घेतले. आपल्याकडे १९५७ मध्ये नवे पैसे आले तेव्हा बाजारात उडालेला गोंधळ ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल, त्यांना ह्या पुस्तिकेचे मोल सांगावयास नको. एका धर्मगुरूने किलो आणि मीटर शिकवीत बसावे ह्याचे कोणाला नवल वाटो; आम्हांस ती शुद्ध प्रीतीची करणी वाटते.

तीच गोष्ट करारपत्रांची. मुले कामावर कशी वागवली जातात हे पाहावयास डॉन बॉस्को स्वतः कारखान्यांत व बांधकामांवर जात. पोऱ्याला काम शिकविण्याऐवजी झाडलोट आणि घरची कामे करवून घेणे, मारणे, सणावारीही राबविणे ही सर्रास चालणारी रीत होती. १८५१ पासून त्यांनी मालकांशी लेखी करार करण्यास आरंभ केला. फेब्रुवारी १८५२ मध्ये एका सुतार मालकाशी झालेला करार आजही जतन केलेला आहे. मालकाने मुलाला केवळ त्याच्या धंद्याचेच काम द्यावे, चूक झाल्यास शब्दांनी समजवावे, हात उगारू नये, सणाच्या दिवशी मोकळीक द्यावी, वर्षाला पंधरा दिवस सुट्टी द्यावी आणि काम येत जाईल तशी मजुरी वाढवावी, अशी त्यात कलमे होती. मुलाकडूनही आज्ञापालनाचे आणि मन लावून शिकण्याचे वचन घेतले होते. ज्या पोराला आजवर कोणी नावाने हाक मारली नव्हती, त्याचे नाव आता सरकारी मुद्रांकाच्या कागदावर मालकाच्या नावाशेजारी आले! १८५० मध्ये मुलांचे परस्पर साहाय्य मंडळही निघाले होते. आठवड्याला किरकोळ वर्गणी भरायची आणि आजारी वा बेकार सोबत्याला आधार द्यायचा.

राजकारणाचा प्रश्न अवघड होता. १८४८ मध्ये राज्यघटना आली, ऑस्ट्रियाशी युद्ध पेटले आणि तरुणांची माथी तापली. तुरिनमध्ये डॉन बॉस्को ह्यांच्याही आधी मुलांसाठी केंद्र उघडणारे फादर कोक्की १८४९ मध्ये आपल्या मुलांना घेऊन नोव्हाराच्या रणभूमीकडे निघाले. पराभवानंतर ते केंद्र बंद पडले. डॉन बॉस्को ह्यांनी आपल्या मुलांना मोर्चांपासून दूर ठेवले, त्याबद्दल त्यांना बोल लागले आणि काही सहकारी सोडूनही गेले. त्यांनी फारच सावधगिरी बाळगली असे म्हणण्यास जागा आहे. परंतु १८५४ मध्ये तुरिनमध्ये कॉलराची साथ आली तेव्हा त्यांचीच मुले घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करीत होती. नागरिकत्वाचा धडा त्यांना तेथे मिळाला.

बाहेरच्या कारखान्यांतील वातावरण पाहून १८५३ मध्ये त्यांनी वाल्दोक्कोतच चांभारकाम व शिवणकाम सुरू केले. मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छापखाना आणि लोहारकाम आले. चर्चविरोधी कायदे करणारे मंत्री उर्बानो रात्ताझ्झी ह्यांनीच त्यांना सुचविले, की कार्य टिकवायचे तर सदस्य कायद्यापुढे साधे नागरिक राहतील अशी संस्था स्थापा. १८ डिसेंबर १८५९ रोजी सलेशियन संस्थेचा पाया घातला गेला, तो बहुतांशी त्यांच्याच हाताखाली वाढलेल्या तरुणांच्या बळावर.

१८८४ मध्ये तुरिनच्या राष्ट्रीय प्रदर्शनात कागद तयार करण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतचे सारे काम ह्या संस्थेच्या मुलांनी लोकांसमोर करून दाखविले. चार वर्षांनी, ३१ जानेवारी १८८८ रोजी, डॉन बॉस्को ख्रिस्तवासी झाले. १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरलाच, पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना संत घोषित केले. त्यापूर्वीच, १९०६ मध्ये, सलेशियन धर्मगुरू तंजावरला उतरले होते आणि १९२८ मध्ये मुंबईत आले होते. माटुंग्याच्या मरियामातेच्या मंदिरात आपण मेणबत्ती लावतो. तेथून जवळच, कुर्ल्याच्या कार्यशाळांत, मुले यंत्रावर हात बसवीत असतात.