राम गणेश गडकरींचे गुरू वऱ्हाडात वकिली करायचे

संगीत नाटक म्हटलं की पुणे-मुंबईच आठवते. पण वाशीम, अकोला, बुलढाणा या वऱ्हाडी पट्ट्यातल्या एका वकिलाने त्याची चालच बदलली. जळगाव जामोदला वकिली करणारे हे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर.

जन्म १८७१, नागपूर. त्यांचं ‘वीरतनय’ किर्लोस्कर मंडळीने १८९६ मध्ये रंगभूमीवर आणलं. तोवर संगीत नाटकात साकी, दिंडी, कीर्तनी चाली ऐकायची सवय होती. कोल्हटकरांनी थेट पारशी रंगभूमीवरच्या उडत्या चाली उचलल्या आणि पुराणं सोडून कल्पित कथानक घेतलं.

त्यांची खरी कमाई मात्र शिष्य. किर्लोस्कर मंडळीत उमेदवारी केलेल्या गडकरींनी त्यांना गुरू मानलं. गडकरींच्या कोट्या, कल्पनांची आतषबाजी, सगळ्यात कोल्हटकर सापडतात. ‘सुदाम्याचे पोहे’ नसते तर गडकरींचा ‘बाळकराम’ही कदाचित नसता. वि. स. खांडेकरही त्यांचेच शिष्य.

१९१९ च्या जानेवारीत गडकरी ३३ व्या वर्षी गेले. पुढच्याच महिन्यात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं आणि अजूनही त्याचे प्रयोग होतात. ‘वीरतनय’चं नाव आता अभ्यासक काढतात. शिष्यानंतर गुरू आणखी १५ वर्षं, १९३४ पर्यंत होते.