उकिरड्याचं सोनं करायला शिकवणारा इंदूरचा साहेब : सर अल्बर्ट हॉवर्ड

दीपनगर (ता. भुसावळ) : कपाशीचा हंगाम संपला की आपल्या भागात वावरावावरातून धूर निघतो. पऱ्हाटी उपटायची, बांधावर ढीग करायचा आणि काडी लावायची. केळीचे खांब रस्त्याच्या कडेला पडून सडतात. आणि पुढच्या महिन्यात आपणच खताच्या दुकानासमोर गोणीसाठी उभे असतो. याच पऱ्हाटीपासून, शेणापासून आणि गोठ्यातल्या मातीपासून तीन महिन्यांत उत्तम खत कसं करायचं, हे जवळपास १०० वर्षांपूर्वी एका इंग्रज माणसाने दाखवून दिलं. तेही लांब कुठे नाही, बऱ्हाणपूर-खंडव्याच्या पलीकडे इंदूरला. त्यांचं नाव सर अल्बर्ट हॉवर्ड.

शेतकऱ्याचा मुलगा

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधल्या श्रॉपशायर भागातल्या बिशप्स कॅसल या गावी झाला. घरी शेती होती. लंडन आणि केंब्रिजला शिक्षण झालं. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडिजला गेले. तिथे त्यांचं काम पिकांवरच्या बुरशीचा अभ्यास करण्याचं होतं. पण त्यांच्या मनात एक गोष्ट सलायला लागली. आपण प्रयोगशाळेत बसून शेतकऱ्याला सल्ला देतो, पण तो सल्ला आधी स्वतःच्या शेतात करून पाहायला आपल्याकडे जमीनच नाही.

१९०५ साली ते भारतात आले. बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत त्यांना वनस्पतीशास्त्रज्ञाची नोकरी मिळाली. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथेई यांच्याशी त्यांचं लग्न झालं. गॅब्रिएल बाई स्वतः केंब्रिजच्या शास्त्रज्ञ होत्या. नवरा-बायकोने पुढची २५ वर्षं खांद्याला खांदा लावून काम केलं. गव्हाच्या पुसा ४ आणि पुसा १२ या नावाजलेल्या जाती याच जोडीच्या.

गुरू कोण, तर शेतकरी आणि कीड

पुसाला हॉवर्ड यांनी हट्टाने स्वतःच्या प्रयोगासाठी जमीन आणि बैलजोड्या मागून घेतल्या. आजूबाजूच्या गावातले शेतकरी कसं पेरतात, काय टाकतात, हे ते बघत राहिले. त्या लोकांच्या पिकावर रोग कमी दिसायचा. औषध फवारायला तर त्यांच्याकडे काही नव्हतंच. तेव्हापासून भारतातला शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले खरे मास्तर, असं ते मानू लागले. कीड आली म्हणजे जमिनीत किंवा लागवडीत काहीतरी चुकतंय, असा त्यांचा हिशोब.

शेजारच्या जनावरांना लाळ्या-खुरकूत झाली तरी चांगला चारा खाणारे आपले बैल तिला बळी पडले नाहीत, असं त्यांनी लिहून ठेवलंय. हा त्यांचा अनुभव. त्यावर विसंबून आपण मात्र लसीकरण चुकवायचं नाही.

इंदूरचे दिवस

१९२४ मध्ये होळकरांच्या इंदूर संस्थानात वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. जमीन संस्थानने दिली, ३०० एकर. पैसा मुख्यतः कापूस समितीचा. हॉवर्ड तिचे संचालक झाले. काम कापसाचं, माती आपल्यासारखीच काळी, आणि अडचणही आपल्यासारखीच. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जायच्या, मग वावराला टाकायला खत उरायचं कुठून? चीनमधले शेतकरी काडी-कचरा काही वाया न घालवता शेकडो वर्षं जमीन कशी कसदार ठेवतात, हे हॉवर्ड यांनी वाचलेलं होतं. तिथून त्यांनी धागा धरला.

या कामात त्यांच्या बरोबरीने राबलेलं एक नाव म्हणजे यशवंत वाड. शेतीतल्या टाकाऊ मालापासून खत करण्यावर १९३१ साली जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावं आहेत. जगभर इंदूर पद्धत म्हणून जी ओळखली जाते, ती हीच.

खड्डा कसा भरायचे

खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल. खोल खड्ड्यात हवा जात नाही, म्हणून तो उथळ. पऱ्हाटी कडक असते, ती लवकर कुजत नाही. म्हणून ती आधी रस्त्यावर पसरायची. गाड्यांची चाकं वरून गेली की चुरा व्हायचा. मग कचरा गुरांखाली अंथरायचा. त्यात शेण-मूत मुरलं की खड्ड्यात थरावर थर : काडी-कचरा, शेणकाला, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि थोडी लाकडाची राख. मूत मुरलेल्या मातीला ते फार किंमत द्यायचे, कारण जनावराच्या मुतात नत्र भरपूर असतं आणि आपण ते नालीत सोडून देतो.

ओल धरून ठेवायची आणि तीन वेळा पलटी मारायची. पहिली दोन-अडीच आठवड्यांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, तेव्हा हाच माल जमिनीवर ढीग करून कुजवायचा.

त्यांचा मुद्दा साधा होता. कुजण्याचं काम खड्ड्यात होऊ द्या, पिकाच्या मुळाशी नको. कच्चा काडी-कचरा तसाच वावरात गाडला तर तो कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं.

रासायनिक खताशी भांडण

१९३० मध्ये गॅब्रिएल बाई गेल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. १९३४ ला त्यांना सर ही पदवी मिळाली. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी इंदूरची ही संस्था पाहिली. आफ्रिकेतल्या कॉफीच्या आणि आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत ही पद्धत पोहोचली.

१९४० च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात त्यांनी रासायनिक खतावर कडक टीका केली. महायुद्धात दारूगोळ्यासाठी नत्राचे कारखाने उभे राहिले, युद्ध संपल्यावर त्यांना गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून खत शेतकऱ्याच्या गळ्यात आलं, असं त्यांचं म्हणणं. पुष्कळ शास्त्रज्ञांना हे पटलं नाही आणि वाद झाला. २० ऑक्टोबर १९४७ रोजी, आपल्या स्वातंत्र्यानंतर दोनच महिन्यांनी, हॉवर्ड यांचं निधन झालं.

मग आपण काय घ्यायचं?

भाजीपाला करणाऱ्याने हिशोब मांडून बघावा. चांगल्या शेणखतात टनामागे नत्र साधारण ५ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो. म्हणजे एका गोणीइतकं नत्र हवं तर ४ टन शेणखत लागणार, आणि तेही सगळं एका हंगामात पिकाला मिळत नाही. दावणीला एक-दोन जनावरं उरलेल्या माणसाने नुसत्या शेणखतावर वांगी, मिरची, कोबी काढायची म्हटलं तर जड जातं.

पण नुसत्या गोणीवर भागवलं तर दुसरा तोटा. जमीन कडक होते, पाणी धरत नाही, दिलेलं खतही पाण्याबरोबर निघून जातं. दरवर्षी गोण्या वाढतात आणि उतारा मात्र तिथंच. म्हणून भाजीपाल्याच्या सरकारी शिफारशीत दोन्ही असतं. आधी मशागतीला चांगलं कुजलेलं खत, लागवडीला स्फुरद-पालाश आणि नत्र एकदम न देता हप्त्याहप्त्याने. हॉवर्ड साहेबांना ही तडजोड कदाचित रुचली नसती. तरी या जोडीतला पहिला, जमीन सांभाळणारा भाग त्यांचाच आहे.

एक सावधगिरी आपल्या गावापुरती. त्यांच्या खड्ड्यातली राख लाकडाची होती. वीज केंद्राची राख वेगळी. तिच्यात नत्र नसतं, बोरॉन आणि जड धातू असू शकतात. राख ती राख म्हणून ती खड्ड्यात ओतू नका. माती परीक्षण करून पालच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाला विचारा.

पऱ्हाटी पेटवायला काडीपेटी पुरते. तिचा चुरा करून खड्डा भरायला चार दिवस जातात. पण आता कुट्टी करणारी यंत्रं भाड्याने मिळतात, गाड्यांच्या चाकांची वाट बघायची गरज नाही. यंदा सगळी नको, निदान एका एकराची पऱ्हाटी खड्ड्यात घालून बघा. पुढच्या भाजीला किती गोण्या कमी लागल्या, ते वहीत लिहून ठेवा.